समुद्रकाठच्या घराचे डागाळलेले रेलिंग: स्टेनलेस स्टीलच्या ग्रेड निवडीचे एक प्रकरण

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर, भरतीच्या रेषेपासून साधारण १५० मीटरवर जांभ्याचे दोन मजली घर. खाली मालकांचा संसार, वर पर्यटकांसाठी तीन खोल्या. पश्चिमेला १४ मीटर लांबीची गॅलरी, तिच्यावर पुढे आलेले कौलारू छप्पर. आत १० मीटरचा जिना. दोन्हीकडे ‘एसएस ३०४’ (३०४ ग्रेडचे स्टेनलेस स्टील) म्हणून रेलिंग बसवले. काम दिवाळीनंतर संपले आणि शिमग्याच्या आत गॅलरीच्या रेलिंगवर चहा सांडून वाळल्यासारखे तपकिरी डाग दिसू लागले. जिन्याचे रेलिंग मात्र नवेकोरे राहिले.

मालकांचे म्हणणे, ‘स्टेनलेस म्हणून पैसे मोजले, गंज चढलाच कसा?’ फॅब्रिकेटरचे म्हणणे, ‘खाऱ्या हवेत एवढे होणारच.’ दोघांचेही अर्धे बरोबर आहे. उरलेला अर्धा भाग नीट समजला नाही तर तोच माल दुसऱ्यांदा विकत घेतला जातो.

हे घर नमुन्यादाखल घेतले आहे. मापे आणि वजने अशा घराला लागतात तीच धरली आहेत. डागांची तऱ्हा मात्र डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यातही हीच असते.

डाग पुसण्याआधी डाग वाचायचे

पहिली चूक इथे होते. डाग दिसला की कोणीतरी तारेची घासणी घेऊन बसते. घासणीचे लोखंडी कण पृष्ठभागात रुततात आणि आठवड्याभरात स्वतःच गंजतात. मग मूळ डाग कोणता आणि घासणीचा कोणता, हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून आधी साध्या नळाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने एक वीतभर भाग पुसून बघायचा. जांभ्याच्या भिंतीवरून ओघळलेले लाल पाणी फडक्याबरोबर निघून जाते. तो गंज नव्हेच. जे राहते त्याचा विचार करायचा.

या घरात राहिलेले डाग चार प्रकारचे होते आणि चारही वेगवेगळ्या कारणांचे. हॅन्डरेलच्या आणि आडव्या पाइपांच्या खालच्या अंगाला एकसारखा तपकिरी पापुद्रा. वेल्डच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीचा निळसर-तांबूस पट्टा, त्याच्या कडेला गंज. खांबांच्या बुडाशी जे गोल झाकण सरकवलेले असते, त्याखालून येणारा काळपट ओघळ. आणि काही ठिकाणी विखुरलेले नारिंगी ठिपके, जिथे त्याच जागी बसून खिडकीची लोखंडी जाळी ग्राइंडरने कापली होती.

खालच्या अंगाला जास्त आणि वरच्या अंगाला कमी, ही खूण सर्वांत बोलकी. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उघड्यावरचे स्टेनलेस त्या चार महिन्यांत धुऊन निघते. छपराखालच्या गॅलरीला ती धुलाई मिळत नाही. वारा मीठ आणून ठेवतो, पाऊस ते नेत नाही. साधे मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतः पाणी ओढून विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओले होते. म्हणजे किनाऱ्यावर जवळजवळ रोज रात्री रेलिंगवर तीव्र खारट पाण्याचा पातळ थर बसतो, सकाळी वाळतो, रात्री पुन्हा बसतो. ‘छपराखाली आहे, म्हणजे सुरक्षित’ हा लोखंडाला लागू पडणारा हिशेब स्टेनलेसला उलटा लागू पडतो.

चुंबकाने काय कळते आणि काय कळत नाही

दुकानात आणि साइटवर ३०४ ची खात्री म्हणून चुंबक लावून दाखवतात. चिकटला नाही, म्हणजे ३०४. ही खात्री खोटी आहे. चुंबक न चिकटणे म्हणजे पोलादाची आतली स्फटिकांची बांधणी ऑस्टेनिटिक, म्हणजे अचुंबकीय जातीची, आहे एवढेच. ३०४ ऑस्टेनिटिक, ३१६ ऑस्टेनिटिक, २०२ ऑस्टेनिटिक, आणि बाजारात जे-४ म्हणून ओळखला जाणारा अगदी कमी निकेलचा मालही ऑस्टेनिटिक. चौघांनाही चुंबक चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ चा पाइप वाकवला, तर वाकाच्या जागी चुंबक हलका ओढला जातो, कारण थंड अवस्थेत ताणल्याने तिथली बांधणी थोडी बदलते. चुंबकाने फक्त ४३०, ४०९, ४१० असा क्रोमियमचा, बिननिकेलचा माल वेगळा काढता येतो.

दुसरी पायरी थेंबाची. धातू बाजारात टेस्टिंग सोल्यूशनची बाटली आणि नऊ व्होल्टची बॅटरी वापरतात. पृष्ठभाग स्वच्छ पुसून थेंब टाकायचा, सांगितलेल्या वेळेपुरती बॅटरीची टोके लावायची आणि रंग बघायचा. मँगनीजची बाटली वेगळी, मॉलिब्डेनमची वेगळी: मँगनीज जास्त निघाले तर माल २०२ किंवा जे-४ चा, मॉलिब्डेनम या धातूचा रंग आला तर ३१६ चा. रंग कोणता येतो हे बाटलीगणिक बदलते, म्हणून माहितीतल्या ३०४ आणि ३१६ च्या तुकड्यांवर तोच थेंब शेजारी टाकून तुलना करायची. तुलनेशिवाय वाचलेला रंग हा अंदाजच.

तिसरी पायरी एक्स-रे गनची. ती भाड्याने किंवा प्रयोगशाळेमार्फत मिळते. पिस्तुलासारखे यंत्र पाइपला टेकवले की काही सेकंदांत क्रोमियम, निकेल, मँगनीज, मॉलिब्डेनम यांचे टक्के दिसतात. तिची एक मर्यादा ध्यानात ठेवावी: तिला कार्बन दिसत नाही. म्हणून ३०४ आणि कमी कार्बनचा ३०४एल यांतला फरक ती सांगू शकत नाही. त्यासाठी ठिणगीचे स्पेक्ट्रोमीटर लागते किंवा मिलचे टेस्ट सर्टिफिकेट.

या रेलिंगवर खांब अस्सल ३०४ निघाले: क्रोमियम १८, निकेल ८. हॅन्डरेल आणि आडवे पाइप मात्र जे-४ च्या जातीचे: क्रोमियम १५-१६, मँगनीज ९ च्या आसपास, निकेल जेमतेम १, आणि थोडे तांबे. बफिंग केल्यावर दोन्ही एकसारखेच चमकतात. नजरेने फरक ओळखता येतो असे कोणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नये.

अशी सरमिसळ नेहमी लबाडीचीच असते असे नाही. लहान फॅब्रिकेटरकडे मागच्या कामांचे उरलेले पाइप एकाच रॅकवर पडलेले असतात, कशावरही हीट नंबर (भट्टीतल्या ज्या वितळणीतून माल निघाला तिचा क्रमांक) उरलेला नसतो, आणि घाईच्या वेळी हाताला येईल तो पाइप कटरखाली जातो. पण ग्राहकाने भाव ३०४ चा दिला आहे, आणि वजनावरचा फरक परत मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

ग्रेडमध्ये नेमके काय बदलते

स्टेनलेस गंजत नाही, कारण त्यातले क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पडदा धरते. त्यासाठी किमान १०.५ टक्के क्रोमियम लागते. ओरखडा गेला तर पडदा आपोआप पुन्हा धरतो. मिठातले क्लोराइड हा पडदा एखाद्या बिंदूपाशी फोडते, आणि तिथे पडदा पुन्हा धरण्याआधीच खड्डा खोल जाऊ लागला की गंज सुरू होतो.

३०४ मध्ये क्रोमियम १७.५ ते १९.५ टक्के आणि निकेल ८ ते १०.५. भांड्यांवर ‘१८/८’ लिहितात ते हेच. ३१६ मध्ये क्रोमियम उलट थोडे कमी, १६ ते १८. निकेल १० ते १४. आणि खरा फरक म्हणजे २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. ‘एल’ लावलेला ३०४एल किंवा ३१६एल म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ वर आणून त्याची जागा ७.५ ते १० टक्के मँगनीज आणि थोड्या नायट्रोजनने भरलेली. जे-४ मध्ये निकेल आणखी खाली. निकेल महाग आणि त्याचा भाव चंचल, म्हणून ही २०० ची मालिका भारतात इतकी चालते. घरातली भांडी, डबे, स्टँड, आतली कपाटे यांना ती वाईट नाही. वाईट आहे ते ३०४ च्या नावाने तिला समुद्रावर बसवणे.

खड्ड्यांना विरोध मोजायला एक आकडा वापरतात: क्रोमियमचे टक्के, अधिक मॉलिब्डेनमचे ३.३ पट, अधिक नायट्रोजनचे १६ पट. ३०४ चा येतो साधारण १९, ३१६ चा २४, आणि २२०५ या डुप्लेक्सचा, म्हणजे दोन प्रकारच्या मिश्र बांधणीच्या स्टेनलेसचा, ३५. इथे एक सापळा आहे. जे-४ चा हिशेब केला तर नायट्रोजनमुळे आकडा १८ च्या आसपास येतो आणि तो ३०४ च्या बरोबरीचा वाटतो. पण या सूत्रात मँगनीज मोजलेलेच नाही. मँगनीज निकेलची जागा घेऊन बांधणी टिकवते, गंजाला विरोध वाढवत नाही. वर ते गंधकाशी मिळून मँगनीज सल्फाइडचे बारीक कण करते आणि खड्डे नेमके त्या कणांपाशी सुरू होतात. २०० च्या मालिकेसाठी हा आकडा दाखवून कोणी माल विकत असेल तर तो आकडा बाजूला ठेवावा.

आता दोघांच्या अर्ध्या बरोबर म्हणण्याकडे. फॅब्रिकेटरने सगळे अस्सल ३०४ दिले असते, तर? गॅलरी तरीही डागाळली असती. कमी डागाळली असती, शिमग्याऐवजी पुढच्या वर्षी डागाळली असती, पण डाग टळले नसते. सगळे खांब ३०४ चेच होते आणि बुडाशी त्यांच्यावरही ओघळ होताच. लाटा फुटणाऱ्या किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत हा त्रास नेहमीचा, आणि वारा सतत समुद्रावरून येत असेल तर त्याहूनही आत. दीडशे मीटरवर छपराखाली ३०४ लावणे ही निवडच चुकली होती. म्हणजे चुका दोन झाल्या: मागितला त्यापेक्षा हलका माल मिळाला, आणि मुळात मागितलेलाही चुकीचा होता.

काय बदलायचे, काय ठेवायचे

जिना बदलायचा नाही. तिथला आडवा पाइप जे-४ चा आहे हे खरे, पण जागा आतली, कोरडी, रोज फडके फिरते. तिथे तो वर्षानुवर्षे राहील. भावातला फरक वळता करून घ्यावा आणि पाइप राहू द्यावा. सगळे २४ मीटर उखडून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो सल्ला फुकटचा खर्च आहे.

गॅलरीचे १४ मीटर पूर्ण ३१६एल मध्ये. भाव रोज हलतो, म्हणून इथे रुपयांऐवजी वजन देतो. चालू भावाने गुणले की झाले. पाइपच्या वजनाचे सूत्र: बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, जाडीने गुणा, ०.०२४९ ने गुणा. मापे मिलिमीटरमध्ये घेतली की एका मीटरचे किलो मिळतात. हे ३०४ साठी. ३१६ साधारण एक टक्का जड भरते.

हॅन्डरेल ५०.८ मिलिमीटर, जाडी १.५: मीटरला १.८४ किलो, १४ मीटरचे २५.८ किलो. खांब ३८.१ मिलिमीटर, जाडी २: मीटरला १.८ किलो, १.२ मीटरच्या आत एक याप्रमाणे १३ खांब, प्रत्येकी जवळजवळ एक मीटर, म्हणजे २३.४ किलो. चार आडव्या ओळी १९ मिलिमीटर, जाडी १.२: एकूण ५६ मीटर, सुमारे ३० किलो. खालच्या प्लेटा १०० बाय १०० बाय ६ मिलिमीटर, १३ नग, ६.२ किलो. बेरीज ८५ किलो. पण पाइप सहा मीटरच्या लांबीत मिळतो: हॅन्डरेलला ३, खांबांना ३, ओळींना १०. प्रत्यक्ष विकत घ्यावे लागतात प्लेटांसह सुमारे १०५ किलो. कोटेशनमध्ये ८५ किलोचा भाव आणि बिलात १०५ किलो आले की भांडण होते, म्हणून दोन्ही आकडे आधीच लिहून घ्यावेत.

लहान मुले येणार असतील तर आडव्या ओळी शिडीसारख्या चढता येतात. अशा घरात त्याच १९ मिलिमीटरच्या उभ्या सळ्या घालाव्यात. वजन वाढते, पण इथे काटकसर नको.

फिनिशबद्दल लोक शोभेचा विचार करतात. किनाऱ्यावर तो गंजाचा विचार आहे. हेअरलाइन (बारीक समांतर रेषांच्या) किंवा खरखरीत सॅटिन (मंद चमकेच्या) फिनिशच्या चरांत मीठ अडकते. खडबडीतपणा ०.५ मायक्रॉनच्या आत हवा. मिरर बफिंग चांगले केले तर तो सहज मिळतो. सॅटिनच हवे असेल तर बारीक दाण्याचे घ्यावे आणि खांबांवर रेषा उभ्या ठेवाव्यात, म्हणजे पाणी थांबत नाही. खरखरीत ३१६ हे गुळगुळीत ३१६ पेक्षा लक्षणीय लवकर डागाळते, आणि मग ‘३१६ ही गंजले’ अशी बोंब होते.

वेल्ड, झाकणे आणि नटबोल्ट

वेल्डशेजारचा निळा-तांबूस पट्टा म्हणजे तापल्यामुळे जाड झालेला ऑक्साइड. त्याच्या लगत खाली क्रोमियम कमी झालेला थर असतो आणि गंज तिथून शिरतो. फिकट गवती रंग चालतो. निळा, जांभळा, काळा चालत नाही. तो थर काढलाच पाहिजे. (कार्बनने क्रोमियम ओढून घेऊन, म्हणजे कार्बाइड बनून, वेल्डशेजारी होणारा गंज पुष्कळ जण सांगतात. ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात जास्त वेळ राहिले की तो होतो. दीड-दोन मिलिमीटरच्या पाइपात तेवढा वेळ मिळत नाही. ‘एल’ ग्रेड घ्यावाच, पण रेलिंगवरचा दोषी बहुतेक वेळा हा रंगाचा पट्टाच.)

आर्गन वेल्डिंगला ३१६एल ची फिलर सळई. ३०४ ला ३०८एल, आणि स्टेनलेस लोखंडाला जोडायचे असेल तर ३०९एल. ३१६ च्या पाइपाला ३०८ ची सळई लावली की सांध्यात मॉलिब्डेनम नाही, म्हणजे महागड्या पाइपाचा सगळ्यात कच्चा बिंदू सांधाच. करंट कमी, हात जलद, आर्गन भरपूर.

पिकलिंग पेस्टने, म्हणजे थर खाऊन काढणाऱ्या आम्लाच्या लगद्याने, हा रंगाचा थर उत्तम निघतो, पण दोन अडचणी. तीत नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करते आणि सुरुवातीला दुखतही नाही. रबरी हातमोजे, चेहऱ्यावर ढाल आणि जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल नसेल तर डबा उघडू नये. दुसरे, मिरर पाइपाची चमक ती घालवते. म्हणून रेलिंगवर आम्ही यांत्रिक मार्ग सुचवतो: ८०, १२०, २४०, ४०० असे चढत्या दाण्याचे नवे फ्लॅप व्हील (पॉलिश कागदाच्या पाकळ्यांचे चाक), मग बफ. लोखंडावर एकदा जरी फिरलेले व्हील इथे वापरायचे नाही. नंतर सायट्रिक आम्ल: लिटरला १०० ग्रॅम, पाच लिटर द्रावण १४ मीटरला पुरते. स्पंजने लावून निदान वीस मिनिटे ओले ठेवायचे, वाळू द्यायचे नाही, मग भरपूर गोड्या पाण्याने धुवायचे. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. त्याने धुतले तर सगळे आम्लकाम वाया. नळाचे किंवा पागोळीचे साठवलेले पाणी घ्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी रेलिंग ओले करून दिवसभर दमट ठेवावे. लोखंडी कण राहिले असतील तर संध्याकाळपर्यंत तांबडे ठिपके उठतात आणि तेवढीच जागा पुन्हा घासता येते.

बुडाची गोल झाकणे बाहेर वापरूच नयेत. झाकण आणि प्लेट यांच्या फटीत खारे पाणी शिरते, ऑक्सिजन पोचत नाही, पडदा पुन्हा धरत नाही. अशा फटीत ३१६ सुद्धा गंजते. खांब प्लेटला सभोवार बंद वेल्ड करावा, झाकण गाळावे. फट बुजवायचीच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन नको, न्यूट्रल जातीचे घ्यावे.

प्लेट स्लॅबच्या काँक्रीटमध्ये बसवायची, जांभ्यात नाही. प्रत्येक प्लेटला चार याप्रमाणे ५२ एम-१० (१० मिलिमीटर व्यासाच्या) आटेदार सळ्या, केमिकल अँकरसह, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेल्या. सळीवर आणि नटावर ‘ए४’ कोरलेले बघून घ्यावे. ए४ म्हणजे ३१६ च्या जातीचे, ए२ म्हणजे ३०४ च्या. जस्ताचे बोल्ट वापरले तर वर्षात तेच गंजून स्टेनलेसवर ओघळ सोडतात. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या आट्यावर कोरडा आणि वेगाने आवळला तर जागीच जखडतो आणि मग कापावाच लागतो. म्हणून अँटी-सीझ पेस्ट आणि हाताचा पाना. इम्पॅक्ट गन नको.

त्याच घरातल्या बाकीच्या वस्तू

रेलिंगवरून धडा घेऊन मालक सगळेच ३१६ मध्ये करू म्हणाले, तर त्यांना थांबवायला हवे. स्वयंपाकघराचा ओटा, सिंक, मांडण्या ३०४ मध्ये पुरेशा. चिमणीचा हूड ४३० चा चालतो. १६ ते १८ टक्के क्रोमियम, निकेल नाही, चुंबक चिकटतो, स्वस्त. इंडक्शनवरच्या भांड्याच्या तळाला तर चुंबकीय पोलाद लागतेच. सुऱ्यांना ४२०, कारण त्यात कार्बन जास्त असल्याने ते पाणी देऊन कडक करता येते. ३०४ ला धार टिकत नाही. मोटारसायकलच्या सायलेन्सरचे ४०९ घरात कुठेच नको.

मासे साफ करायचे टेबल मात्र ३१६ चे, उताराचे, कोपरे गोलाईचे. मीठ, रक्त आणि ओलावा तिथे रोजचा आहे. कोकमाचे आगळ, मिठातले आंबे, लोणचे हे स्टेनलेसच्या डब्यात साठवूच नये. आम्ल आणि मीठ एकत्र म्हणजे ३०४ च्या तळाला खड्डे. चिनी मातीची बरणी हेच त्याचे घर. आणि स्टेनलेसच्या पातेल्यात थंड पाण्यात मीठ टाकून ठेवू नये. तळाशी बसलेला खडा ठिपका पाडतो. पाणी उकळल्यावर मीठ टाकले की प्रश्न मिटतो.

पाण्याच्या टाकीचा विचार ग्रेडवरून नाही, पाण्यावरून करायचा. प्रयोगशाळेतून क्लोराइड तपासून घ्यावे. साध्या तापमानाच्या पाण्याला लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत ३०४, १००० पर्यंत ३१६, असा ढोबळ नियम आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा २५० आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० मिलिग्रॅम आहे. म्हणजे माणसाला चालणारे पाणी ३०४ च्या टाकीला न चालणारे असू शकते. ‘आम्ही पितो की हे पाणी’ हा टाकीच्या बाबतीत पुरावा नव्हे. मचूळ विहिरीला प्लॅस्टिकची टाकी सरळ आणि स्वस्त.

सोलर हीटर ही सगळ्यात दगाबाज वस्तू. क्लोराइड, ५०-६० अंशांच्या वरचे तापमान आणि वेल्डमध्ये अडकलेला ताण हे तिघे जमले की ३०४ आणि ३१६ ला खड्डा न पडता सरळ भेग जाते. बाहेरून चकचकीत, आतून चिरलेले. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी ९ मे १९८५ रोजी पोहण्याच्या तलावावरचे काँक्रीटचे छत कोसळून १२ माणसे गेली. छत ज्या स्टेनलेसच्या सळ्यांवर टांगले होते त्या तलावाच्या हवेतल्या क्लोराइडने आणि सततच्या ताणाने चिरल्या होत्या. इमारत जेमतेम तेरा वर्षांची होती. तिथली हवा सोलरच्या पाण्याइतकी तापलेलीही नव्हती. सोलरच्या टाकीने कोणाचा जीव जात नाही, पण भेग तीच. मचूळ पाण्याला आतून काचेचा लेप दिलेली, मॅग्नेशियम अ‍ॅनोड असलेली लोखंडी टाकी घ्यावी आणि अ‍ॅनोड दरवर्षी बघावा. स्टेनलेसच हवे तर ४४४ किंवा २२०५ विचारावे. ४४४ मध्ये निकेल नसते, मॉलिब्डेनम २ टक्क्यांच्या आसपास असते, आणि या भेगांचा त्रास त्याला जवळपास होतच नाही.

बिल, धुणे आणि उरलेला पाइप

बिलावर ‘एसएस पाइप’ एवढेच लिहिलेले चालवून घेऊ नये. ‘एसएस ३१६एल, वेल्डेड पाइप, एएसटीएम ए५५४’ आणि हीट नंबर. त्या हीट नंबरचे मिलचे टेस्ट सर्टिफिकेट सोबत. माल साइटवर उतरताना प्रत्येक लांबीला मॉलिब्डेनमचा थेंब, कापण्याआधी. सोळा लांब्यांना अर्धा तास लागतो. कापल्यावर आणि बफ केल्यावर शोधण्यात अर्थ नाही.

३१६ सुद्धा न धुता सोडायचे नाही. नवरात्रापासून मृगापर्यंत दर पंधरवड्याला गोडे पाणी, थोडे साबणाचे पाणी आणि मऊ फडके किंवा स्वच्छ काथ्या. खालचे अंग आधी. पावसाळ्यात छपराखालचा भाग महिन्यातून एकदा, कारण पावसाचे पाणी तिथे पोचत नाही. लादी धुवायचे म्युरिअ‍ॅटिक आम्ल आणि संडासाचे क्लीनर रेलिंगच्या जवळही नकोत; त्यांची वाफसुद्धा एका रात्रीत पृष्ठभाग काळवंडवते. नवीन लादी बसवून झाली की मिस्त्री हेच आम्ल मारतात, म्हणून रेलिंग त्याच्या नंतर बसवावे.

हॅन्डरेलच्या तिसऱ्या लांबीतून चार मीटर पाइप उरतो. तो भंगारात देऊ नये. वीतभराचे चार तुकडे कापून त्यांवर हीट नंबर कोरावा. दोन घरात ठेवावेत, पुढच्या कोणत्याही खरेदीत थेंबाच्या तुलनेला तेच उपयोगी. एक गॅलरीत छपराखाली आणि एक गच्चीवर उघड्यावर बांधावा, आणि दोन्ही न धुता तसेच राहू द्यावेत. शिमग्याला ते शेजारी शेजारी धरून बघितले की या घरापाशी मीठ कुठे साचते आणि धुण्याचा पंधरवडा पुरतो की आठवड्यावर आणायला हवा, हे तिथेच ठरवता येते.